पांढऱ्या टेबलक्लॉथवरचं घरचं जेवण

१९८१ साली मिलानमधल्या एका रेस्टॉरंटात गिऱ्हाइकांसमोर एक नवा पदार्थ येऊ लागला. सपाट बशीत पातळ थरात पसरलेला पिवळाधमक भात आणि बरोबर मधोमध सोन्याच्या वर्खाचा एक चौकोन. वर्ख खरा, खायचा. बशीत बाकी काहीही नाही. नाव होतं 'रीझो, ओरो ए झाफेरानो', म्हणजे भात, सोनं आणि केशर. हा पदार्थ रचणारे शेफ ग्वाल्तिएरो मार्केझी तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. त्यानंतर चार वर्षांनी, १९८५ मध्ये, त्यांच्या रेस्टॉरंटला मिशलँ गाइडचा तिसरा तारा मिळाला. इटलीत तो मान मिळवणारं हे पहिलंच रेस्टॉरंट.

सोनं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पण त्या बशीतली खरी गंमत सोन्याखालच्या भातात होती, आणि तो भात अजिबात नवा नव्हता. केशर घातलेला 'रिझोत्तो आल्ला मिलानेझे' मिलानच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आलेला आहे. त्याची एक दंतकथाही तिथे आवडीने सांगतात. १५७४ साली मिलानच्या कॅथेड्रलच्या रंगीत काचा बनवणाऱ्या एका कारागिराचा मदतनीस रंग खुलवायला त्यात केशर मिसळायचा, आणि उस्तादाच्या मुलीच्या लग्नात त्याने तेच केशर भातात घातलं. खरं-खोटं सिद्ध करता येत नाही. एवढं मात्र खरं, की मार्केझींनी आपल्या शहराचा रोजचा पदार्थ उचलला आणि तो देशातल्या सर्वांत उंची टेबलावर नेऊन ठेवला.

इटलीतल्या महागड्या रेस्टॉरंटात जेवायला बसणाऱ्याने ही गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. तिथे समोर येतं ते मुळात कुणाच्या तरी आजीचं जेवण. पैसे मोजायचे ते त्यावर खर्च झालेल्या वेळेचे, हाताच्या सरावाचे आणि विचाराचे. दुर्मीळ प्राणी, लांबून आणलेली फळं किंवा सॉसांचे सात थर यांच्या जोरावर इटालियन जेवण मोठं झालेलं नाही.

मार्केझींनी नेमकं काय केलं ते पाहू. पारंपरिक मिलानी रिझोत्तोत बैलाच्या हाडातला मगज पडतो. त्याने भात जड होतो, तोंडात मेणचट राहतो. मार्केझींनी मगज काढून टाकला. कांदा भातात परतण्याऐवजी पांढऱ्या वाइनमध्ये मंद आचेवर शिजवला, त्यात लोणी फेटलं आणि ते गाळून घेतलं. असं आंबूस लोणी शेवटी भातात मिसळायचं. त्यामुळे कांद्याची चव राहिली, कांदा दिसेनासा झाला आणि भाताचा जडपणा गेला. पुढे हे आंबूस लोणी इटलीतल्या असंख्य स्वयंपाकघरांनी उचललं.

रिझोत्तोचं सगळं यश शेवटच्या दोन मिनिटांत ठरतं. आधी तांदूळ कोरडे गरम करायचे, मग उकळता रस्सा पळीपळीने घालत सोळा ते अठरा मिनिटं शिजवायचे. दाणा बाहेरून मऊ, आत किंचित कडक असतानाच भांडं आचेवरून उतरवायचं. मग थंडगार लोण्याचे तुकडे आणि किसलेलं चीज घालून भांडं झपाझप हलवायचं. तांदळातून सुटलेला स्टार्च, लोणी आणि पाणी एकजीव होतात आणि मलई न घालताही मलईसारखा पोत येतो. भात नीट जमला असेल तर बशी तिरकी केल्यावर त्यात लाट उठते. म्हणून अशा रिझोत्तोला 'आल्लोंदा' म्हणतात. 'ओंदा' म्हणजे लाट. जो ढीग होऊन बसतो तो फसला. यासाठी बहुतेक शेफ 'कार्नारोली' हा तांदूळ वापरतात. मिलानजवळच्या पाउल्लो इथे १९४५ मध्ये संकरातून तयार झालेला हा वाण शिजताना मोडत नाही. कित्येक मेन्यूंत रिझोत्तोपुढे 'किमान दोघांसाठी' असं लिहिलेलं आढळतं, आणि वेटर वीस मिनिटं थांबावं लागेल असं आधीच सांगतो. ते ऐकून रागवायचं कारण नाही. जिथे ते सांगत नाहीत तिथे भात आधीच अर्धा शिजवून ठेवलेला असण्याची शक्यता जास्त.

मार्केझींच्या आधी इटलीत उंची जेवण म्हणजे फ्रेंच वळणाचं जेवण, असाच समज होता. मार्केझी स्वतः फ्रान्समध्ये शिकले. रोआन इथल्या त्र्वाग्रो बंधूंच्या स्वयंपाकघरात त्यांनी काम केलं. परत येऊन त्यांनी १९७७ मध्ये मिलानमध्ये रेस्टॉरंट काढलं आणि तिथून कार्लो क्राक्को, दाविदे ओल्दानी, एन्रिको क्रिप्पा अशी शेफांची एक पिढीच बाहेर पडली. २००८ मध्ये त्यांनी मिशलँची ताऱ्यांची पद्धतच नाकारली. आपल्या देशाच्या जेवणाला गुण देणारे परदेशी कोण, हा त्यांचा सवाल होता. २०१७ च्या डिसेंबरात ते गेले.

इटालियन पाककलेचा पाया घरगुती आहे याचा लेखी पुरावा हवा असेल तर पेल्लेग्रीनो आर्तुझी यांच्याकडे वळावं. व्यापारातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी १८९१ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, फ्लोरेन्समध्ये स्वखर्चाने पाककृतींचं एक पुस्तक छापलं. पहिल्या आवृत्तीत ४७५ कृती होत्या. वाचक गृहिणी देशभरातून पत्रं पाठवत राहिल्या, आर्तुझी त्या कृती करून बघत आणि पुढच्या आवृत्तीत घालत राहिले. शेवटी संख्या ७९० वर गेली. १८६१ मध्ये एक झालेल्या, पण बोली आणि चवी वेगवेगळ्याच राहिलेल्या त्या देशाला पहिलं सामायिक स्वयंपाकघर मिळालं ते या पुस्तकातून. ते राजवाड्यातल्या आचाऱ्याने लिहिलेलं नव्हतं, आणि त्यात भर घालणाऱ्या होत्या घरोघरच्या बायका.

ही परंपरा आजही ठसठशीत दिसते ती मांतोव्हा शहराजवळच्या कान्नेतो सुल्लोल्यो या छोट्या गावी. ओल्यो नदीच्या काठी १९२० च्या दशकात सांतिनी कुटुंबाने एक खानावळ सुरू केली. नदीतले मासे आणि वाइन, एवढाच तिचा बेत. पुढे तिचं नाव झालं 'दाल पेस्कातोरे'. १९७० च्या दशकात नादिया लग्न होऊन या घरात आल्या. त्या कुठल्याही हॉटेलच्या शाळेत शिकलेल्या नव्हत्या. नवऱ्याची आजी तेरेझा आणि सासू ब्रूना यांच्या हाताखाली त्या शिकल्या. १९९६ मध्ये या रेस्टॉरंटला तिसरा मिशलँ तारा मिळाला.

नादिया सांतिनींचा सगळ्यात नावाजलेला पदार्थ म्हणजे 'तोर्तेल्ली दी झुक्का', भोपळ्याच्या सारणाची पास्त्याची पाकिटं. मांतोव्हा भागात हा पदार्थ ख्रिसमसच्या आदल्या रात्री, मांस वर्ज्य असताना, घरोघरी करतात. सारणात भाजून घोटलेला लाल भोपळा, बदामाची कडसर बिस्किटं, मोहरीच्या तिखट अर्काच्या पाकात मुरवलेली फळं, जायफळ आणि चीज. वरून वितळलेलं लोणी. पहिला घास गोड लागतो, मग नाकात मोहरीची झणझण जाते, शेवटी चीजचा खारटपणा उरतो. गोड-तिखट-खारट एका घासात, ही कल्पना मराठी जिभेला परकी वाटणार नाही. परकी वाटेल ती पास्त्याची पारी. ती इतकी पातळ लाटलेली असते की आतला केशरी रंग बाहेरून दिसावा.

आता टेबलावरच्या क्रमाविषयी. इटालियन जेवण एका ताटात येत नाही. आधी 'आंतिपास्तो', म्हणजे भूक चाळवणारं काहीतरी छोटं. मग 'प्रीमो': पास्ता, रिझोत्तो किंवा सूप. मग 'सेकोंदो': मासा किंवा मांस. त्याच्याबरोबरची भाजी, 'कोंतोर्नो', वेगळी मागवावी लागते. शेवटी गोड आणि कॉफी. भारतात पास्ता म्हणजे पूर्ण जेवण अशी सवय लागल्यामुळे इटलीत प्रीमोची बशी पाहून अनेकांना ती अपुरी वाटते. पण ती मधला टप्पा म्हणूनच मोजून वाढलेली असते. प्रत्येकाने प्रत्येक टप्पा घ्यायलाच हवा असं मुळीच नाही. दोघांनी मिळून एक आंतिपास्तो आणि दोन प्रीमो मागवले तरी चांगल्या ठिकाणी कुणी नाक मुरडत नाही. उंची रेस्टॉरंटात टेस्टिंग मेन्यू असेल तर मात्र बहुधा सगळ्या टेबलाने तोच घ्यावा लागतो, आणि ते जेवण तीन तास चालतं. घड्याळ बघत बसायचं असेल तर तिथे जाऊ नये.

रीतीही थोड्या आहेत, पण प्रत्येकीमागे कारण आहे. माशांच्या पास्त्यावर चीज भुरभुरत नाहीत, कारण मुरलेल्या चीजचा दर्प माशाची नाजूक चव गिळून टाकतो. कापुचीनो सकाळी पितात. भरल्या पोटी एवढं दूध नको, म्हणून जेवणानंतर एस्प्रेसो. बशीत उरलेला सॉस पावाने पुसून खाण्याला 'स्कार्पेत्ता' म्हणतात. औपचारिक टेबलावर तो शिष्टाचार समजला जात नाही, तरी शेफला मनापासून आवडतो.

इथवरची वाट सोपी होती. परंपरा घ्यायची, थोडी हलकी करायची, सुरेख मांडायची. पण परंपरेलाच हात घातला तर काय होतं, हे बघायचं असेल तर एमिलिया प्रांतातल्या मोदेना शहरात जावं लागतं.

एमिलियातली माणसं पास्त्याच्या बाबतीत किती काटेकोर आहेत याचं एक उदाहरण पुरे. १९७२ मध्ये शेजारच्या बोलोन्याच्या व्यापार मंडळात ताल्यातेल्ले या पास्त्याच्या पट्टीची अधिकृत रुंदी नोंदवण्यात आली: शिजल्यावर आठ मिलिमीटर, म्हणजे शहरातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, तोर्तेल्लिनीच्या सारणाची कृतीही अशीच नोंदवली गेली. तोर्तेल्लिनी म्हणजे बोटाच्या पेरावर वळलेली मांस-चीजच्या सारणाची इवलीशी कडी. ती मांसाच्या नितळ रस्स्यात वाढतात. हा इथला रविवारचा, सणावारचा पदार्थ. प्रत्येक घराचा दावा एकच: आमच्या आजीसारखी कुणाला जमत नाहीत.

अशा शहरात मास्सिमो बोत्तुरा यांनी १९९५ मध्ये 'ओस्तेरिया फ्रांचेस्काना' सुरू केलं. बारा टेबलांचं रेस्टॉरंट. बोत्तुरा मूळचे मोदेनाचेच, जन्म १९६२ चा. लहानपणी मोठ्या भावांच्या तावडीतून सुटण्यासाठी ते स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली लपत आणि वर आजी वळत असलेली कच्ची तोर्तेल्लिनी खाली बसून पळवत, असं त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. १९८६ मध्ये त्यांनी शहराबाहेर पहिली खानावळ काढली, तेव्हा लीदिया क्रिस्तोनी नावाच्या पास्ता लाटण्यात मुरलेल्या बाई त्यांच्या मदतीला आल्या. बोत्तुरांनी पास्ता त्यांच्याकडून शिकून घेतला. पुढे ते मोनाकोत अलँ द्युकास यांच्याकडे आणि २००० च्या उन्हाळ्यात स्पेनमध्ये फेरान अद्रिया यांच्या 'एल बुल्यी'त काम करून आले.

मग त्यांनी एक बशी मांडली. घट्ट केलेल्या रस्स्यावर एका रांगेत चालल्यासारखी ठेवलेली फक्त सहा तोर्तेल्लिनी. मोदेनात चमचा बुडवला की एका वेळी आठ-दहा तोर्तेल्लिनी वर यायला हवीत, ही रीत. सहा? आणि तीही मोजून? शहर खवळलं. बोत्तुरांचं म्हणणं असं की लोक तोर्तेल्लिनी सवयीने गिळतात, चव घेतच नाहीत. एकेक वेगळी खायला लावली की ती काय चीज आहे हे कळतं. कित्येक वर्षं त्यांच्या टेबलांवर स्थानिक माणूस फिरकत नव्हता, रेस्टॉरंट बंद करायची वेळ आली होती. २००१ मध्ये एक नावाजलेला खाद्यसमीक्षक महामार्गावरच्या वाहतूककोंडीत अडकला, वाट वाकडी करून मोदेनात जेवायला शिरला आणि भरभरून लिहिता झाला. तिथून गाडी रुळावर आली. २०११ मध्ये तिसरा तारा जाहीर झाला. २०१६ आणि २०१८ मध्ये जगातल्या पन्नास सर्वोत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत 'फ्रांचेस्काना' पहिलं होतं.

या प्रकरणात चूक कुणाची होती? खरं तर कुणाचीच नाही. चिडलेल्या मोदेनाकरांना आपल्या घरातलं काहीतरी काढून घेतलं जातंय असं वाटत होतं, आणि ते वाटणं रास्त होतं. पण बोत्तुरांनी तोर्तेल्लिनीचं सारण बदललं नव्हतं, त्यांचा आकार बदलला नव्हता, रस्सा फेकून दिला नव्हता. त्यांनी फक्त खाण्याचा वेग कमी केला. त्यांचा 'लाझान्याचा कुरकुरीत भाग' हा पदार्थही असाच. भाजलेल्या लाझान्याच्या ट्रेचा करपूस कोपरा कुणाला मिळणार यावर इटलीतल्या प्रत्येक घरात पोरांची भांडणं होतात. तेवढाच कोपरा घेऊन त्यांनी पूर्ण पदार्थ उभा केला. ही बालपणाची आठवण आहे, आणि ती समजून घ्यायला कलासमीक्षक असावं लागत नाही.

त्यांची सगळ्यात मोठी बशी मात्र एका चीजची आहे: 'पार्मिज्यानो रेज्यानोची पाच वयं'. २४ महिने मुरलेल्या चीजचं गरम सूफ्ले, ३० महिन्यांचा सॉस, ३६ महिन्यांचा थंड फेस, ४० महिन्यांची कुरकुरीत चकती आणि ५० महिन्यांच्या चीजचा हवेसारखा हलका बुडबुडा. एकच घटक, रंगही जवळजवळ एकच, पण पाच पोत, पाच तापमानं आणि पाच वयं.

या बशीची किंमत समजून घ्यायला चीज कसं होतं ते बघायला हवं. पार्मिज्यानो रेज्यानो हे नाव फक्त पार्मा, रेज्यो एमिलिया आणि मोदेना हे जिल्हे आणि बोलोन्या व मांतोव्हा जिल्ह्यांच्या ठरावीक भागांतल्या चीजलाच लावता येतं. संध्याकाळचं दूध रात्रभर पसरट भांड्यांत ठेवतात, सकाळी वर आलेली साय काढतात आणि त्यात सकाळचं ताजं दूध मिसळतात. उलट्या घंटेच्या आकाराच्या तांब्याच्या काहिलीत ते तापवतात. आदल्या दिवशीच्या चीजमधून उरलेली आंबट निवळी विरजण म्हणून घालतात, मग वासराच्या जठरातलं रेनेट. काही मिनिटांत दूध फाटून घट्ट होतं. मोठ्या तारांच्या रवीने ते फोडत फोडत तांदळाच्या दाण्याएवढे कण करतात, ५५ अंशांपर्यंत तापवतात आणि कण तळाशी बसू देतात. तळाचा गोळा लाकडी फळीने उचलून तागाच्या फडक्यात घेतात आणि त्याचे दोन भाग करतात. त्या दोन भागांना 'जुळे' म्हणतात. प्रत्येकाचं एक चाक होतं, साधारण चाळीस किलोचं, आणि त्यासाठी लागतं सुमारे ५५० लिटर दूध. मग वीसेक दिवस मिठाच्या पाण्यात आणि त्यानंतर किमान बारा महिने लाकडी फळ्यांवर. बारा महिन्यांनी तपासनीस येतो, छोट्या हातोडीने चाक ठिकठिकाणी ठोकतो आणि आवाज ऐकतो. आत भेग किंवा पोकळी असली की आवाज बदलतो. पास झालेल्या चाकावर तापलेला शिक्का उमटतो. नापासाच्या सालीवरची नाव सांगणारी खूण खरवडून टाकतात.

एवढा काळ पैसा अडकून पडतो, त्याचं काय? क्रेदितो एमिल्यानो ही तिथली बँक १९५३ पासून या चीजची चाकं तारण ठेवून कर्ज देते. बँकेच्या गोदामात हजारो चाकं मुरत पडलेली असतात. तारण ठेवलेली वस्तू दिवसेंदिवस महाग होत जाणं हे सोन्याच्या बाबतीत आपल्याला ठाऊक आहे. इथे ते दुधाच्या बाबतीत घडतं.

या दुधामागे भारतीय हात आहेत ही गोष्ट इटलीबाहेर फारशी कुणाला माहीत नसते. पो नदीच्या खोऱ्यातल्या गोठ्यांवर १९८० च्या दशकापासून पंजाबी, प्रामुख्याने शीख, कामगार येऊ लागले. पहाटे आणि संध्याकाळी, वर्षाचे ३६५ दिवस धार काढण्याचं काम स्थानिक तरुणांना नको होतं. या माणसांनी ते अंगावर घेतलं. रेज्यो एमिलिया जिल्ह्यातल्या नोव्हेल्लारा गावात २००० साली मोठा गुरुद्वारा उभा राहिला. उद्घाटनाला युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष रोमानो प्रोदी हजर होते. तीन ताऱ्यांच्या टेबलावरच्या फेसाळ चीजची सुरुवात कुठल्यातरी गोठ्यात पहाटे उठणाऱ्या एखाद्या जालंधर-होशियारपूरकडच्या माणसापासून झालेली असू शकते. मेन्यूत शेतकऱ्याचं, गावाचं, चीजच्या वयाचं नाव छापतात. या माणसांचाही उल्लेख तिथे व्हायला हवा.

२०१२ च्या २० आणि २९ मे रोजी एमिलियाला भूकंपाचे दोन मोठे धक्के बसले. माणसं गेली, चर्च-कारखाने कोसळले आणि चीजच्या गोदामांतल्या उंचच उंच फळ्या एकावर एक आडव्या झाल्या. तीन लाखांहून अधिक चाकं पडली, फुटली. फुटलेलं चीज फार दिवस टिकत नाही. ते लवकर खपलं नसतं तर अनेक छोटी चीजघरं बुडाली असती. बोत्तुरांनी तेव्हा एक कृती रचली: 'रिझोत्तो काचो ए पेपे'. रोममध्ये चीज आणि मिरी घालून पास्ता करतात, तसाच भात. किसलेलं पार्मिज्यानो पाण्यात तापवायचं आणि रात्रभर थंड ठेवायचं. सकाळी तीन थर दिसतात: वर चीजची मलई, तळाशी प्रथिनांचा गोळा आणि मध्ये चीजच्या वासाचं पाणी. त्या पाण्यात भात शिजवायचा आणि शेवटी वरची मलई मिसळायची. लोणी नाही, मांसाचा रस्सा नाही. कृती सगळ्या जगात पाठवली गेली, त्या ऑक्टोबरात हजारो लोकांनी ती आपापल्या घरी शिजवली आणि फुटलेली चाकं विकली गेली. तीन ताऱ्यांच्या शेफने दिलेली कृती घराघरांत शिजणं, हा उलटा प्रवास मोदेनाच्या टीकाकारांनाही पटला.

मोदेनाच्या टेबलावर आणखी एक गोष्ट थेंबांनी येते: 'आचेतो बाल्सामिको त्रादित्स्योनाले'. दुकानात मिळणारं स्वस्त बाल्सामिक व्हिनेगर आणि हे यांचं नातं फक्त नावापुरतं. स्वस्त प्रकाराला साठ दिवस मुरवलं तरी चालतं. हे किमान बारा वर्षं मुरतं, आणि 'एक्स्त्रावेक्क्यो' म्हणवून घ्यायला पंचवीस. द्राक्षांचा रस आटवून तो लहान होत जाणाऱ्या पिंपांच्या रांगेत भरतात. पिंपं ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर अशा वेगवेगळ्या लाकडांची असतात आणि ती पोटमाळ्यावर ठेवतात, म्हणजे उन्हाळ्यात तापतात आणि हिवाळ्यात गारठतात. दरवर्षी सगळ्यात छोट्या पिंपातून थोडंसं काढायचं, ती जागा त्याहून मोठ्यातून भरायची, असं मागे मागे जात शेवटच्या पिंपात नवा रस. मुलगी जन्माला आली की पिंपांची नवी रांग मांडायची आणि लग्नात ती तिला द्यायची, अशी जुनी रीत आहे. तयार व्हिनेगर परीक्षक मंडळाने चाखून मान्य केल्यावरच ठरावीक १०० मिलिलिटरच्या बाटलीत भरलं जातं. ती बाटली मोटारींचे प्रख्यात रचनाकार जोर्जेत्तो जुजारो यांनी रेखाटलेली आहे. ते कधी शिजवत नाहीत. चीजच्या तुकड्यावर, स्ट्रॉबेरीवर, कधी व्हॅनिला आइस्क्रीमवर दोन थेंब. सॅलडवर ओतायला मागितलं तर वेटर बाटली मागे घेईल, आणि त्याचं बरोबर असेल.

आता बिल. तीन ताऱ्यांच्या रेस्टॉरंटात टेस्टिंग मेन्यू माणशी तीनशे युरोंच्या वरही जातो, वाइन वेगळी. साध्या त्रात्तोरियात, म्हणजे घरगुती खानावळीत, बिलावर 'कोपेर्तो' नावाची छोटी रक्कम दिसते. ती टेबलाची, पावाची आणि कापडाची. ती टीप नसते आणि फसवणूकही नसते. मेन्यूत छापलेली असावी एवढंच बघावं. रोम ज्या लात्सिओ प्रांतात येतं, तिथे २००६ च्या कायद्याने कोपेर्तोला मनाई केली, तरी वेगवेगळ्या नावांनी ती रक्कम दिसत राहते. टीप सक्तीची नाही. सेवा मनापासून आवडली तर थोडे युरो टेबलावर ठेवतात.

इतकं महाग जेवण एकदा घ्यायचं असेल तर रोम-व्हेनिसच्या चौकातल्या, सहा भाषांत मेन्यू लावलेल्या जागी पैसे घालवू नयेत. तेवढ्याच पैशांत एमिलियातल्या किंवा मांतोव्हाजवळच्या गावात दुपारचं जेवण घ्यावं. पुष्कळ नावाजलेल्या ठिकाणी दुपारचा मेन्यू रात्रीपेक्षा छोटा आणि स्वस्त असतो.

शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण मेन्यूत ती लिहिलेली नसते. पार्मिज्यानो रेज्यानोत नियमानेच वासराचं रेनेट असतं. ग्राना पादानो आणि म्हशीच्या दुधाची खरी कांपानियाची मोझरेल्ला यांतही तेच. मिलानी रिझोत्तोचा रस्सा मांसाचा, पान्ना कोत्ता या गोड पदार्थात बहुधा जिलेटिन, आणि एमिलियाच्या ताज्या पास्त्यात शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं हा ठोकताळा. मास्कार्पोने हे मऊ चीज मात्र आम्ल घालून होतं, त्याला रेनेट लागत नाही. दक्षिणेकडचा सुका पास्ता फक्त रवाळ गव्हाचं पीठ आणि पाणी यांचा असतो.

मिलानमध्ये पीएत्रो लेमान या मार्केझींच्याच शिष्याने १९८९ मध्ये 'जोया' हे पूर्ण शाकाहारी उंची रेस्टॉरंट सुरू केलं आणि १९९६ मध्ये त्याला मिशलँ तारा मिळाला. म्हणजे मांसाशिवायचं उंची इटालियन जेवण ही अशक्य गोष्ट नाही. फक्त ते आधी सांगावं लागतं. टेबलावर बसल्यावर सांगितलं तर स्वयंपाकघर जास्तीत जास्त वरचं चीज वगळू शकतं. जागा राखून ठेवतानाच 'सेन्झा काल्यो आनिमाले', म्हणजे प्राणिज रेनेटशिवाय, आणि 'सेन्झा ब्रोदो दी कार्ने', म्हणजे मांसाच्या रस्स्याशिवाय, असं लिहून पाठवा. अंडं चालत नसेल तर 'सेन्झा ऊओवा' हेही जोडा. निदान आठवडाभर आधी कळवा आणि उत्तर आल्यावरच पैसे भरा.